‘व्हॅल्युएबल्स’मध्ये आईचं कानाचं यंत्र येतं का?

नागपुरातल्याच एका ताईंनी विचारलेला प्रश्न आधी थोडक्यात सांगतो. आईला रात्री दवाखान्यात भरती केलं. त्या धावपळीत ज्या फॉर्मवर सही झाली, त्यात एक ओळ होती : ‘कॅश, ज्वेलरी अँड अदर व्हॅल्युएबल्स’ यांची जबाबदारी दवाखान्याची राहणार नाही. त्याखालीच मराठीत ‘रोख रक्कम, दागिने व इतर मौल्यवान वस्तू’ असं छापलेलं. आयसीयूत नेताना सिस्टरने आईचं कानाचं यंत्र आणि कवळी काढून एका पिशवीत ठेवली. चार दिवसांनी आई वॉर्डात आली, पण पिशवी आली नाही. काउंटरवर उत्तर मिळालं, ‘यंत्र चाळीस हजारांचं, म्हणजे व्हॅल्युएबलच झालं. तुमची सही आहे.’ ताई विचारतात, आम्ही सोनंनाणं समजून सही केली, तर या शब्दाचा अर्थ नेमका काय? शिवाय मुलीच्या पुस्तकात ‘इनव्हॅल्युएबल’ आहे, तो याच्या उलटा शब्द का, हेही त्यांना हवं आहे.

ताई, आईंना ऐकू येत नाही आणि नीट खाता येत नाही, त्यात वर हा वाद. वाचून वाईट वाटलं. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तुमच्या मजकुरातून मला दिसतं ते असं. काउंटरवरच्या माणसाने महाग वस्तू म्हणजे व्हॅल्युएबल्स, असं धरलं. वाद घालताना तुम्हीही नकळत तेच धरलं. म्हणून तो म्हणतो यंत्र महाग आहे, आणि तुम्ही म्हणता कवळी तर तेवढी महाग नव्हती. हा वाद किमतीवर नेला तर तुमची बाजू लंगडी पडेल. त्या शब्दात किंमत आहे, पण नुसती किंमत नाही.

मी सिव्हिल लाइन्समध्ये, कोर्टाच्या आसपास, २७ वर्षं इंग्रजी-मराठी कागदांची भाषांतरं करतो. खरेदीखतं, मृत्युपत्रं, विम्याचे कागद, पंचनामे, दवाखान्यांचे फॉर्म हेच रोजचं काम. मी वकील नाही. त्यामुळे शब्दाबद्दल ठामपणे बोलेन, दाव्याबद्दल जे लिहीन ते मात्र एखाद्या वकिलाला दाखवून घ्या.

माझं मत असं, की तुम्ही दिलेल्या ओळीत आईंचं यंत्र आणि कवळी बसत नाही. पण हे त्या एका ओळीपुरतं. फॉर्मच्या मागच्या पानावर चष्मा, कवळी, श्रवणयंत्र यांचा वेगळा उल्लेख असेल तर चित्र बदलतं. काही दवाखाने तशी ओळ घालतात. यंत्र तुमच्या हातात देऊ केलं होतं आणि तुम्ही ‘राहू द्या उशाशी’ म्हणालात, तरीही बदलतं. आणि सिस्टरने स्वतः काढून ठेवून घेतलं असेल, तर ते तुमच्या बाजूने फार मोठं आहे. त्याकडे शेवटी येतो.

आधी शब्द. ‘व्हॅल्युएबल’ हे विशेषण सैल आहे, कशालाही लागतं. व्हॅल्युएबल सल्ला म्हणजे मोलाचा सल्ला, व्हॅल्युएबल वेळ म्हणजे मोलाचा वेळ. त्याच शब्दाला शेवटी ‘स’ लागून ‘व्हॅल्युएबल्स’ झालं, की तो नाम होतो आणि अर्थ एकदम आवळला जातो. हे नाम बहुतेक अनेकवचनातच वापरतात. काटोलकडची संत्र्याची बाग कोटीची असेल, धरमपेठेतला फ्लॅट त्याहून जास्त असेल, पण त्यांना कोणी व्हॅल्युएबल्स म्हणत नाही. ती मत्ता झाली, इंग्रजीत ॲसेट्स. जिनिंगच्या अंगणात पडलेल्या कापसाच्या गाठी लाखांच्या असतात, पण तो माल. व्हॅल्युएबल्स म्हणजे आकाराने लहान, एका जागेवरून दुसऱ्या जागी सहज नेता येणारी, दुसऱ्याच्या हाती लागली तर त्यालाही उपयोगी पडणारी, आणि म्हणून मालक नजरेआड करत नाही अशी वस्तू. चोराने पिशवीत टाकून न्यावी आणि बाजारात मोडावी अशी.

‘इनव्हॅल्युएबल’चं लगेच सांगून टाकतो. तो उलटा शब्द नाही. ज्याचं मोल करता येत नाही इतकं थोर, असा त्याचा अर्थ. मुलीला सांगा, मराठीतही हेच घडतं : ‘मूल्य’ला ‘अ’ लागून ‘अमूल्य’ होतं, म्हणून आपण त्याला बिनकिमतीचं समजत नाही. बिनकिमतीच्या वस्तूला इंग्रजीत ‘वर्थलेस’ किंवा ‘व्हॅल्युलेस’.

आता मराठीकडे. माझ्या मते तुमच्या गोंधळाचं मूळ इथेच आहे. ‘मौल्यवान वस्तू’ हे कागदावरचं मराठी आहे. घरात कोणी म्हणत नाही की मौल्यवान वस्तू कपाटात ठेव. आपण म्हणतो दागिने ठेव, सोनंनाणं ठेव. बाई लेकराला शिकवते ती ‘अंगावरचं किडूकमिडूक विकून’. त्या एका शब्दात दोन मणी, एक फुली, चांदीच्या पट्ट्या असं सगळं येतं, आणि ते किती थोडं होतं हेही कळतं. प्रवासाला निघताना ‘आपापली चीजवस्त सांभाळा’ म्हणतात. त्यात डबा, चादर, चष्मा, छत्री सगळं आलं; इंग्रजीतल्या ‘बिलाँगिंग्ज’ला हाच शब्द जवळचा. आणि चोरीच्या बातमीत येतो तो ‘ऐवज’ : इतवारीत घर फोडून दोन लाखांचा ऐवज लंपास. त्या ऐवजात अंगठ्या, रोकड, घड्याळ, मोबाइल, कधी चांदीचं तबकही असतं.

या ऐवजापाशी मी थोडा थांबतो, कारण व्हॅल्युएबल्सला मराठीत याहून जवळचा शब्द मला अजून सापडलेला नाही. हा मूळ अरबी शब्द, फारसीतून आपल्याकडे आला. त्याचा मूळ अर्थ बदला, मोबदला, एकाच्या जागी दुसरं. ‘चहाऐवजी ताक द्या’ म्हणताना आपण वापरतो तो ‘ऐवजी’ याच घरचा. म्हणजे जे दिलं तर त्याच्या जागी दुसरं काही मिळतं, ते ऐवज. सोन्याची पाटली सराफाकडे नेली तर पैसे मिळतात. घड्याळ, मोबाइल, नोट, तिकीट, सगळ्यांचं तसंच.

ही कसोटी आईंच्या वस्तूंना लावून पाहा. कवळी आईंच्याच हिरड्यांच्या मापावर बेतलेली. जगात दुसऱ्या कोणाच्या तोंडात ती बसणार नाही, बाजारात तिचे दोन रुपये कोणी देणार नाही. कानात बसणारा साचा त्यांच्याच कानाचा ठसा घेऊन केलेला असेल, तर त्याचंही तसंच. यंत्र दुसऱ्याला लावून देता येत असेल कदाचित, हे मी नाकारत नाही. पण वॉर्डातल्या कोणाच्याही डोळ्यांत भरावी अशी ती वस्तू नाही. आईंसाठी ते यंत्र म्हणजे कान. ते घेताना पैसे लागले, नव्याने घेताना पुन्हा लागतील. म्हणून ते महाग आहे, पण ऐवज नाही. हा फरक काउंटरवर शांतपणे सांगता आला पाहिजे.

दुसरी गोष्ट, हा शब्द ज्या कागदावर बसतो त्या कागदाप्रमाणे आपली हद्द बदलतो. मालवाहतूक करणाऱ्यांसाठी आपल्याकडे १८६५ चा एक कायदा होता, कॅरियर्स ॲक्ट. त्याच्या परिशिष्टात एक यादी होती. यादीतली वस्तू १०० रुपयांहून जास्त किमतीची असेल आणि तुम्ही ती काय आहे, केवढ्याची आहे हे आधी सांगितलं नसेल, तर ती हरवल्याची जबाबदारी वाहतूकदारावर नसे. त्या यादीत सोनं, चांदी, मोती, घड्याळं तर होतीच. पण काच, चिनी मातीची भांडी, रेशीम, शाली, नकाशे, हुंड्या, जमिनीची खतं, अफू, कस्तुरी, अत्तर, चंदनाचं तेल आणि गोरोचनसुद्धा होतं! आज काचेच्या बरणीला कोणी व्हॅल्युएबल म्हणणार नाही. पण बैलगाडीत आणि मालडब्यात ती फुटायची, म्हणून ती त्या यादीत गेली. पुढे २००७ च्या कायद्याने हा जुना कायदा बाजूला झाला. तरी नवीन माणूस माझ्याकडे काम शिकायला आला की मी त्याला ही यादी वाचायला देतो. कागद लिहिणाऱ्याला ज्या वस्तूची धास्ती असते ती त्याच्या यादीत जाते, हे त्यातून पटकन कळतं.

विमानाचं उदाहरण घ्या. नागपूरच्या सोनेगाव विमानतळावरून उड्डाण घेताना बॅग काउंटरवर सोडली की आत व्हॅल्युएबल्स ठेवू नका म्हणतात. तिथे त्यांच्या मनात दागिन्यांबरोबर लॅपटॉप, कॅमेरा, रोकड, पासपोर्ट, महत्त्वाचे कागद असतात. बँकेच्या लॉकरचं पुन्हा वेगळं. तिथे दागिने आणि कागदपत्रं दोन्ही व्हॅल्युएबल्स, पण रोख रक्कम ठेवायला मनाई. म्हणजे तुमच्या दवाखान्याच्या ओळीत पहिल्या नंबरावर असलेली कॅश लॉकरच्या करारात चालतच नाही. लॉकरचा विषय निघालाच आहे तर हेही सांगतो : रिझर्व्ह बँकेच्या १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या नियमांनुसार आग, चोरी, दरोडा, इमारत कोसळणं किंवा कर्मचाऱ्याची अफरातफर यामुळे नुकसान झालं, तर बँकेची जबाबदारी वार्षिक भाड्याच्या १०० पटीपर्यंत असते. भाडं ३,००० असेल तर ३ लाख. आत ३० लाखांचं सोनं असलं तरी आकडा तोच. व्हॅल्युएबल्सची व्हॅल्यू इथे तुमच्या सोन्यावरून नाही, भाड्यावरून ठरते.

लॉकरचा एक प्रसंग मला विसरता येत नाही. नागपूरच्या महाल भागातल्या एक आजी वारल्या. वारसांसमोर लॉकर उघडला आणि आत काय निघालं त्याची यादी इंग्रजीत झाली. ती मराठीत करायला माझ्याकडे आली. अशा यादीत ‘सोन्याच्या पाटल्या’ असं लिहीत नाहीत. कस लावलेला नसतो, म्हणून ‘येलो मेटल’, पिवळ्या धातूच्या पाटल्या, दोन नग. पंचनाम्यातही हीच रीत. त्यापुढे चांदीचे बाळवाळे, ‘पांढऱ्या धातूचे’, एक जोड. मग ‘अदर आर्टिकल्स’ म्हणून एक कापडी बटवा, आणि त्यात घडी घातलेलं एक पोस्टकार्ड. आजींचा मुलगा साठीचा होता. तो यादीवर बोट ठेवून म्हणाला, ‘साहेब, हे कार्ड वरच्या रकान्यात नाही येत का? आईनं सगळ्यात जपून तेच ठेवलं होतं.’ मी त्यांना सांगितलं, की यादी बँकेने केली आहे, मला रकाने बदलता येत नाहीत. तेवढंच खरं होतं. पण आजींनी भाडं भरून ते पोस्टकार्ड तीस वर्षं त्या लोखंडी पेटीत ठेवलं होतं. त्यांच्या लेखी ते काय होतं, हे कोणत्याही यादीच्या रकान्यात मावत नाही.

आता तुमच्या फॉर्मकडे येऊ. ‘कॅश, ज्वेलरी अँड अदर व्हॅल्युएबल्स’. इथे ‘अदर’ या शब्दाकडे नीट पाहा. कायद्याचे कागद वाचताना एक जुना आणि सर्वमान्य नियम लावतात : आधी दोन-चार ठरावीक वस्तूंची नावं आली आणि मग ‘इतर’ म्हटलं, तर ते ‘इतर’ त्याच जातीचं समजायचं. ‘गाय, म्हैस व इतर जनावरं’ म्हटल्यावर त्यात बकरी येते, वाघ येत नाही. रोकड आणि दागिने यांच्या जातीचं ‘इतर’ म्हणजे घड्याळ, मोबाइल, सोन्याचं नाणं. कवळी त्या पंगतीत बसत नाही. दुसरा नियम असा, की कागदातल्या शब्दाचे खरोखर दोन अर्थ निघत असतील, तर ज्याने तो कागद लिहिला त्याच्या विरुद्ध जाणारा अर्थ घ्यावा. फॉर्म दवाखान्याने छापला आहे. त्यांना श्रवणयंत्र म्हणायचं होतं, तर ते लिहिण्यापासून त्यांना कोणी अडवलं नव्हतं.

त्या मराठी ओळीबद्दल मला थोडं मोकळेपणाने बोलायचं आहे. मी स्वतःही असे फॉर्म भाषांतरित केले आहेत आणि सुरुवातीची बरीच वर्षं ‘व्हॅल्युएबल्स’पुढे डोळे मिटून ‘मौल्यवान वस्तू’ लिहिलं आहे. मग एकदा उमरेडकडचा एक मुलगा माझं भाषांतर असलेला फॉर्म हातात घेऊन आला. त्याच्या वडिलांची कवळी ऑपरेशनच्या वेळी गहाळ झाली होती. तो भांडायला आला नव्हता, त्याला फक्त अर्थ हवा होता. ‘सर, बाबाची कवळी मौल्यवान वस्तू आहे का? बाबा पंधरा दिवसांपासून वरणाचं पाणी पिऊन राहिले.’ मला उत्तर देता येईना. इंग्रजी शब्दाची हद्द मला माहीत होती, पण ती मी मराठीत उतरवलीच नव्हती. मी मोघम शब्दाच्या जागी मोघम शब्द ठेवला होता आणि त्या मोघमपणाचा फायदा फॉर्म छापणाऱ्याला झाला होता.

तेव्हापासून मी हा शब्द एकट्याने लिहीत नाही. दवाखान्याचं काम आलं की आधी विचारतो, तुम्हाला नेमक्या कोणत्या वस्तू म्हणायच्या आहेत? मग लिहितो : ‘रोख रक्कम, दागिने, घड्याळ, मोबाइल यांसारखा किंमती ऐवज नातेवाइकांनी घरी न्यावा.’ आणि त्याखाली दुसरी ओळ वेगळी : ‘चष्मा, कवळी, श्रवणयंत्र या रुग्णाच्या वापराच्या वस्तू काढून ठेवल्यास नातेवाइकांच्या हाती देऊन सही घ्यावी.’ काही ठिकाणी ही दुसरी ओळ आवडत नाही, जागा नाही म्हणतात. मी आग्रह धरतो. माणूस शुद्धीवर आला की पहिल्यांदा त्याला याच वस्तू लागतात.

राहिला सिस्टरने पिशवीत ठेवल्याचा मुद्दा. भारतीय करार कायदा, १८७२, यात ‘निक्षेप’ नावाचं प्रकरण आहे. एखादी वस्तू काही कामापुरती दुसऱ्याच्या ताब्यात दिली आणि काम झाल्यावर ती परत करायची असं ठरलेलं असलं, की तो निक्षेप. कलम १५१ म्हणतं, की ताब्यात घेणाऱ्याने त्या वस्तूची इतकी काळजी घ्यावी, जितकी साधारण शहाणा माणूस तशाच परिस्थितीत स्वतःच्या तशाच वस्तूची घेईल. आई बेशुद्ध, तुम्ही दाराबाहेर, वस्तू सिस्टरच्या हातात. त्या वेळी ती कोणाच्या ताब्यात होती, हा प्रश्न व्हॅल्युएबल्सच्या अर्थापेक्षाही आधी येतो. तुमच्या सहीने ही जबाबदारी कितपत माफ होते हे मात्र पूर्ण फॉर्म वाचून वकीलच सांगू शकेल.

म्हणून भांडायला जाऊ नका, लेखी अर्ज द्या. अर्जात ‘व्हॅल्युएबल्स’ हा शब्द तुम्ही स्वतः एकदाही वापरू नका. तो वापरला की समोरच्याचं रिंगण तुम्ही मान्य केलंत. वस्तूंची नावं लिहा, यंत्राची कंपनी आणि नंबर लिहा, खरेदीचं बिल जोडा. तारीख, साधारण वेळ, कोणत्या पाळीला हे घडलं ते लिहा. भरतीचे कागद आणि नर्सिंगच्या नोंदी मागून घ्या. कवळी काढल्याची नोंद त्यात सापडू शकते. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. दाद मिळाली नाही तर ग्राहक आयोग आहे. २०१९ च्या कायद्यानुसार साधारणपणे दोन वर्षांच्या आत तक्रार करावी लागते, आणि जिल्हा आयोगात मोबदल्याची रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही. ही रक्कम यंत्राची नाही, तुम्ही दवाखान्याला दिलेल्या बिलाची.

अर्जातलं मुख्य वाक्य मी देतो, नावं आणि तारीख तेवढी भरा :

‘माझ्या आईच्या रोजच्या वापराचं श्रवणयंत्र, एक नग, आणि कवळी, एक जोड, या वस्तू आयसीयूत नेताना आपल्या परिचारिकेने स्वतः काढून आपल्या ताब्यात घेतल्या. या वस्तू रोख रक्कम किंवा दागिने या प्रकारच्या नाहीत आणि त्या आम्हाला परत मिळालेल्या नाहीत. तरी त्या शोधून द्याव्यात किंवा नव्याने करून घेण्याचा खर्च द्यावा.’

तोवर आईंशी बोलताना समोर बसून, चेहरा दिसेल असं, सावकाश बोला. आणि जिथे यंत्र घेतलं होतं तिथे आज फोन करून बघा. कानाचा साचा किंवा त्याची नोंद त्यांनी ठेवली असेल, तर आईंना पुन्हा ठसा द्यायला नेण्याची एक खेप वाचेल.